अमावस्येचे सदतीस लॉट

कीबोर्डवर कचोरीचं तेल होतं. दीपमालाने ते आधी कागदाने पुसलं, मग ओल्या फडक्याने, मग चिडून नखाने खरवडलं, तरी दोन बटणांच्या मधात मुगाच्या डाळीचा एक कण अडकून बसला होता तो बसलाच. आता कुणी म्हणेल, एवढ्याशा डाळीचं काय घेऊन बसलीस बाई? पण डाळ कुणाची ते तर पाहा. मालकाचा लेक राजकुमार सकाळी येणार, तिच्या टेबलावर बुड टेकवणार, एका हातात शेगावची कचोरी, अन् दुसरा हातही कचोरीचाच, त्याच बोटांनी टकटक करून तिला शिकवणार, "काकू, जुनं सगळं बंद. आता जे हाये ते इंटरनेटवर."

जुनं म्हणजे वीस वर्षांचं. चिखली रोडवर हिंमत सीड्सचं गोडाऊन आहे, कांद्याच्या बियाण्याचं. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी डोंगळे लावतात, म्हणजे कांद्याला फूल येऊ देऊन त्याचं बी धरतात, आणि उन्हाळ्यात ते बी इथं आणून घालतात. ज्याचं त्याचं पोतं वेगळं ठेवायचं, त्याला नंबर द्यायचा, त्या नंबराच्या मालाला लॉट म्हणायचं. मग प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि बारा दिवसांनी सोडून पाहायचं, किती उगवले. सत्तरच्या वर उगवले तर लॉट पास. खाली उगवले तर नापास. ही सगळी नोंद कॉम्प्युटरात करायची नोकरी दीपमालाची. लग्न होऊन बुलडाण्यात आली त्याच्या दुसऱ्या वर्षी लागली, आता केस पिकले.

नोंद करायला एक जुना प्रोग्राम होता. निळा पडदा, पांढरी अक्षरं. पॉलिटेक्निकमधल्या एका सरांनी बनवून दिला होता. त्यात लॉटचा नंबर होता, शेतकऱ्याचं नाव होतं, गाव होतं, आवक तारीख होती, उगवणीचा आकडा होता. लॉट नापास झाला तर ते लिहायला मात्र जागाच नव्हती. दीपमालाने तेव्हा मालकाला, हिंमतरावांना विचारलं होतं. ते म्हणाले, "नापास हा शब्द माह्या कंपनीत लिहाचा नाई. उद्या कोनी साहेब आला, त्यानं पाह्यलं, त् कंपनीचं नाव जाते. उगवनीची जागा कोरी ठेव."

"मंग मालक, पाठवतानी कसं समजन कोनता खराब हाय?"

"ते तू पाह्य."

तिने पाहिलं. तिचं डोकं चालायचं तेव्हा. या भागात अमावस्येला कुणी बी घराबाहेर काढत नाही. पोतं मापत नाही, बी विकत नाही, पेरणं तर दूरच. गोडाऊन उघडं असतं, पण अवसेला बियाण्याची बैलगाडी काय, टेम्पोसुद्धा फाटकात कधी आला नाही. म्हणून दीपमालाने काय केलं, जो लॉट नापास झाला त्याची आवक तारीख बदलून त्या महिन्यातली अमावस्या टाकली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्या अवसांना काळ्या पेनाने गोल केले. हमालापासून स्टोअरवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक, काळ्या गोलातली तारीख आली की त्या पोत्याला हात लावायचा नाही. हिंमतराव तेव्हा खूश झाले होते. "डोकं हाय बे बाईले!" असं चार माणसांत म्हणाले होते. आणि खरं सांगायचं तर तिला त्या युक्तीचा पुष्कळ वर्षं अभिमान होता.

कारण तेव्हा नापास माल खरोखर जात होता खड्ड्यात. गोडाऊनमागे कडूनिंबाखाली खड्डा होता, त्यात बी टाकायचं, वरून चुना, वरून माती. हिंमतराव स्वतः उभे राहून बुजवून घ्यायचे. वर्षाला तीन लॉट, चार लॉट. यंदा मात्र डोंगळे ऐन काढणीला आले आणि गारपीट झाली. बी भिजलं, काळं पडलं. गोणपाट सोडले की असा वास सुटायचा, की दीपमालाला दुपारचा डबा जात नसे. एकशे चाळीसातले सदतीस लॉट नापास झाले. कुणाचे अकरा दाणे उगवले, कुणाचे सहा. खड्डा कुणी खणलाच नाही. राजकुमार म्हणाला, "एवढा माल गाडाचा म्हंजे येडेपना हाय. थंड खोलीत ठेवा, पाहू."

तर हे असं असताना शेखर आला.

शेखर मूळचा हिवरा आश्रमचा. तीन वर्षं पुण्यात राहिला आणि तिथली भाषा घेऊन आला. 'मले' म्हणायची त्याला लाज वाटायची. राजकुमारने त्याला काम दिलं की जुन्या प्रोग्राममधला वीस वर्षांचा सगळा डेटा उचलायचा आणि नव्या वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये बसवायचा. दुकानदारांना मोबाइलवर लॉट दिसले पाहिजेत, पुडीवरचं लेबल आपोआप छापलं पाहिजे, कंपनी कशी ऐटीत दिसली पाहिजे. शेखर दोन महिने एसीच्या खोलीत कानात बोंडं घालून बसला. दोन महिन्यांत तो एकदाही दीपमालाच्या टेबलापाशी आला नाही, गोडाऊनमध्ये गेला नाही, भिंतीवरचं कॅलेंडर त्याने पाहिलं नाही. आणि शेवटच्या दिवशी एक कागद आणून तिच्यासमोर ठेवला. 'सर्व डेटा तपासला, बरोबर आहे.' खाली सहीची जागा. उद्या पूजा, परवापासून नवं चालू.

दीपमाला तपासायला बसली. आता तपासायचं म्हटल्यावर ती तपासणारच, ती काय राजकुमार आहे? एकेक लॉट उघडत गेली. अकराशे सत्तावीस, उगवण चौऱ्याऐंशी. अकराशे एकतीस, चौऱ्याऐंशी. अकराशे चौतीस, चौऱ्याऐंशी. तिने चष्मा पुसला. गोणपाट सोडताना मोजलेले आकडे ती ज्यात टिपायची ते कागदी रजिस्टर काढून पाहिलं. तेच सदतीस लॉट. सगळे चौऱ्याऐंशी.

"शेखर, हे चौऱ्याऐंशी कुठून आनलं रे?"

"मॅडम, ॲक्च्युअली यंदाच्या लॉटमध्ये सदतीस ठिकाणी उगवणीची जागा रिकामी होती. नवीन डेटाबेस रिकामी जागा घेत नाही, एरर येते. मग मी बाकीच्या लॉटची सरासरी काढली आणि तिथं भरली. सगळीकडे असंच करतात."

"म्हंजे पोरगं परीक्षेत नापास झालं, अन् तू त्याले वर्गाची सरासरी देऊन टाकली?"

"नापास झालंय असं कुठे लिहिलं होतं?"

"तारखेत लिवलं होतं! अवसेची तारीख हाय न त्यायले!"

शेखरने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिच्या अंगात आलं होतं. "मॅडम, त्या कॉलमचं नाव आवक तारीख आहे. मी त्यात तारीख पाहिली. तुम्ही त्यात उगवण लपवलीय हे मला कसं कळणार?"

लपवली! हा शब्द तिच्या कानाखाली बसला. तोंडात आलेली शिवी तिने गिळली, कारण ती द्यायची कुणाला? गाढवाने न विचारता भरलं हे खरं. पण कोरं कुणी ठेवलं होतं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

ती रजिस्टर घेऊन केबिनमध्ये गेली. हिंमतराव खुर्चीत बसून तळहातावर तंबाखू चोळत होते. सत्तरी ओलांडली होती, आता ते नुसते बसायला यायचे. टेबलाच्या कडेला कचोरी खात राजकुमार. त्याला या अमावस्येच्या भानगडीचं काहीच माहीत नव्हतं, शिकायला पुण्यात होता ना तेव्हा. दीपमालाने सगळं पहिल्यापासून सांगितलं. ऐकता ऐकता त्याचं चावणं थांबलं. मग तो हसायला लागला. इतका हसला की मिशीवरची शेव खाली पडली.

"म्हंजे काकू, हे सदतीस लॉट नापास हायेत हे कॉम्प्युटरले माहीतच नाई?"

"नाई. पन गोडाऊनमधल्या समद्यायले माहीत हाय."

"गोडाऊनमधले काय कागद हायेत का? कागदावर काय हाये? चौऱ्याऐंशी. मंग चांगलं हाये न ते! पास हाये माल."

"राजूभौ, तुमी त्या गोनपाटाचा वास नाई घेतला. सहा दाने उगवले हो शंभरातले. लोकं वाफे टाकतीन, वाट पाह्यतीन..."

"तुमी सही करा. बाकी माह्यावर सोडा."

दीपमालाने हिंमतरावांकडे पाहिलं. वीस वर्षं खड्ड्याच्या काठावर उभा राहिलेला माणूस. तो आता काहीतरी बोलेल, लेकाच्या थोबाडात देईल, असं तिला खरंच वाटलं. त्यांनी तंबाखू ओठाखाली ठेवली, हात धोतराला पुसला.

"सही कर बाई," ते म्हणाले. "मालाचं मी पाह्यतो."

आणि तिने सही केली.

का केली, हे तिने नंतर स्वतःला शंभरदा विचारलं. मालकांवर विश्वास होता म्हणून, असं एक उत्तर होतं. ते उत्तर तिला स्वतःलाच खोटं वाटायचं. खरं उत्तर असं, की केबिनमध्ये दोन माणसं तिच्याकडे पाहत होती आणि तिला तिथून लवकर बाहेर पडायचं होतं. बस्स. एवढ्याशा कारणासाठी माणूस सही करतो. हात धुवायला गेली तेव्हा साबण दोनदा लावला.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. लॅपटॉपला हळदकुंकू, समोर नारळ फोडला, त्याचं पाणी उडालं तसा शेखर "वायर, वायर" करत ओरडला. राजकुमारने भाषण ठोकलं, पारदर्शक कारभार, शेतकरी राजा, आणखी काय काय. माश्या बसलेले पेढे वाटले. दीपमालाच्या वाट्याचा पेढा तिने फाटकाबाहेरच्या कुत्र्याला घातला.

पुढे दोन महिने तिने एक गोष्ट मात्र नेटाने केली. माल कुठं जाऊन राह्यला, हे तिने विचारलं नाही. पाठवणीचं पान आता राजकुमारकडे होतं, त्याचा पासवर्ड त्याचा. थंड खोलीतली पोती कमी होताना दिसत होती. पुड्या भरायच्या मशीनचा आवाज येत होता. ती खाली मान घालून नवी नावं भरत राहिली. दरवर्षी ऑगस्ट संपता संपता ती स्वतः एक चांगला लॉट निवडून त्यातलं किलोभर बी आपल्या मायला, देऊळघाटला पोचवायची. यंदा नव्या कॉम्प्युटरच्या धबडग्यात तेही राहून गेलं.

तिची माय सोजराबाई देऊळघाटात एकटीने भाजीपाल्याचा मळा करते. आणि तिच्या हाताला गुण आहे, असं सगळं गाव म्हणतं. कुणाच्याही घरी कांद्याचा वाफा टाकायचा असला की आधी सोजराबाईला बोलावणं. पहिली चिमूट तिने सोडायची, मग बाकीच्यांनी. पदरात पसाभर धान्य घालतात, चहा देतात. दीपमालाचा बाप गेल्यावर गावातल्या बायांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं होतं, पण वाफ्यावर बोलावणं कधी बंद केलं नाही. सोजराबाईला या गोष्टीचा केवढा मान वाटायचा ते दीपमालाला माहीत होतं.

सप्टेंबरात एका शुक्रवारी वडनेर भोलजीहून भगवंतरावांचा फोन आला. कंपनीचे जुने दुकानदार. आवाज असा की फोन कानापासून वीतभर दूर धरावा.

"बाई! ह्या पुड्यायवर आवक तारीख छापून आली हाय. नवीनच काढलं काय हे?"

"हो, कॉम्प्युटर आपोआप छापते आता."

"आपोआप छापते अन् आपोआप इज्जत काढते! अहो, ही वैशाखातली अवस हाय! त्याच दिवशी माह्या नातीची सुपारी फोडाची होती, अन् अवस निंगाली म्हणून दुसऱ्या दिवशी ढकलली. ती तारीख मी मरेलोक इसरत नाई. अवसेले बी मापता तुमी? कोन घेईन हे? गिऱ्हाईक पुडी उलटी करून पाह्यते अन् ठेवून देते. वापस घ्या सगळं."

दीपमालाने फोन ठेवला आणि ती खुर्चीत बसून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. जी खूण तिने लपवायला केली होती ती शेखरच्या नव्या सिस्टिमने इमानदारीने पुडीपुडीवर छापून टाकली होती. राजकुमारला तिथी कळत नाही, शेखरला कळत नाही, पण घाटावर घाटाखाली एक शेतकरी दाखवा ज्याला अवस कळत नाही! संध्याकाळपर्यंत दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अवसेचं बी' हे नाव पडलं होतं. शनिवारी टेम्पो भरून पुड्या परत यायला लागल्या. देवाने वाचवलं, असं तिला वाटलं. बी दुकानातूनच परत आलं, मातीत गेलंच नाही. आपल्या सहीचं पाप फिटलं.

दुपारी केबिनमध्ये बोलावणं आलं. राजकुमारचं तोंड उतरलं होतं. शेखर कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता.

"तारखा बदलाच्या," राजकुमार म्हणाला. "सदतीसच्या सदतीस. नवीन लेबल छापू अन् त्याच पुड्यायवर चिपकवू. शेखर म्हणते एका ओळीचं काम हाये."

"एकच क्वेरी," शेखर म्हणाला. "फक्त कोणती तारीख ते सांगा. आणि जुन्या आवकेत बदल करायला मॅडमच्या लॉगिनची परवानगी लागेल."

मग हिंमतरावांनी चष्मा वर केला. केबिनमधल्या कॅलेंडरची पानं मागे उलटली. त्यावरही दीपमालाचेच काळे गोल होते. ते शांतपणे पाहत राहिले, त्यांचं बोट एका चौकोनावर थांबलं.

"आखाजी टाका," ते म्हणाले. "चैताच्या अवसेपासून तीनच दिवसं पुढं हाय. सगळ्यायले आखाजी टाका. त्या दिवसाचं बी म्हटल्यावर लोकं डोये मिटून घेतीन."

अक्षय्य तृतीया! ज्या दिवशी आपण पितरांना घागर भरतो, ज्या दिवशी केलेलं पुण्य कधी सरत नाही म्हणतात, तो दिवस या कुजलेल्या बियाच्या कपाळावर चिकटवायचा. राजकुमारची तिला किळस यायची, पण तो उघडा नागडा होता, तसाच जन्मला होता. हा म्हातारा मात्र तिथी जाणत होता. त्याला ठाऊक होतं आपण काय वापरून राह्यलो ते.

"सोमवारी करतो," ती एवढंच म्हणाली आणि बाहेर आली.

रविवारी ती देऊळघाटला गेली. मायला बी पोचवायचं राहिलं होतं ना, म्हणून चांगल्या लॉटमधलं किलोभर पिशवीत घेतलं होतं. ऑटोतून उतरून मळ्यात शिरली तर सोजराबाई वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली होती. समोर तीन गादीवाफे. झारीने पाणी दिलेलं, वरचं गवताचं आच्छादन काढलेलं, माती तळहातासारखी साफ. आणि त्या साफ मातीत कुठं एक हिरवी काडी, कुठं दुसरी. बाकी काही नाही.

"कधी टाकलं माय?"

"सतरा दिवस झाले." सोजराबाईने वर पाहिलं नाही. "तू यंदा आली नाई, मले वाटलं तुले काम असन. मंग गावातल्याच दुकानातून आनलं. तुह्याच कंपनीचं."

"पुडीवरची तारीख नाई पाह्यली?" दीपमालाने विचारलं.

"तारीख काहाले पाह्यतो? कंपनीचं नाव पाह्यलं. माही पोरगी हाय न तिथं." मग ती आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहू लागली. "बियाले काही नाई वं. माह्या हाताचा गुन गेला. रुखमाबाईचा वाफा मीच धरला, रेनुकाचा धरला, अजून दोघींचा. समद्यायनं माह्याच सांगन्यावरून तुह्या कंपनीचं बी घेतलं. कोनाच्याच वाफ्यात काही नाई. परवा रुखमाबाईनं मेथीचा वाफा टाकला, अन् मले नाई बोलावलं."

दीपमाला खाली बसली. बोटाने माती उकरली. बी तिथंच होतं, फुगून मऊ झालेलं. चिमटीत धरलं तसं फुटलं, आणि तोच वास आला. गोणपाटाचा.

सांगावं, तर आत्ता सांगावं. तिने ते फुटलेलं बी मातीखाली लोटलं आणि हात धुतले. सोजराबाईने भाकरी केल्या, कांद्याच्या पातीची भाजी केली, ताट वाढून दिलं. दीपमाला खाली मान घालून जेवली. दोन भाकरी जेवली. माय समोर बसून हातांना दोष देत राहिली, आणि लेक "असं नको म्हनू, माय" म्हणत घास गिळत राहिली. संध्याकाळी ऑटोत बसल्यावर तिला स्वतःच्या तोंडाची एवढी शिसारी आली की तिने रस्त्यात ऑटो थांबवला आणि ओकली.

सोमवारी ती साडेनऊलाच टेबलावर होती. कागदी रजिस्टर उघडलं. लॉगिन केलं. अकराशे सत्तावीस उघडला. उगवण, चौऱ्याऐंशी. तो आकडा खोडला आणि रजिस्टरमधला खरा आकडा घातला, अकरा. पडद्यावर प्रश्न आला, उगवण सत्तरच्या खाली आहे, लॉट नापास करायचा का? हो. ओळ लाल झाली आणि तिच्यापुढे ठसठशीत उमटलं, नापास. वीस वर्षांत हा शब्द तिने पहिल्यांदा या कंपनीत लिहिलेला पाहिला. बाजूला बारीक अक्षरात वेळ आणि नाव, दीपमाला.

अकराशे एकतीस. सहा. हो.

अकराशे चौतीस. नऊ. हो.

विसाव्या लॉटला बाहेर फोन वाजायला लागले. दुकानदारांच्या मोबाइलवर लॉट एकेक करून लाल होत होते. राजकुमार धावत आला तेव्हा ती एकतिसाव्यावर होती.

"काकू! काय करून राह्यल्या तुमी? शेखर! पुस हे सगळं, आत्ताच्या आत्ता पुस!"

शेखरने लॅपटॉपवर काहीतरी खटाखट केलं, कपाळावरचा घाम पुसला आणि त्याचं पुणं गळून पडलं. "पुसता येत नाई हो भौ! कोनं काय बदललं ते कायमचं राह्यते त्याच्यात. मी जो तयार नमुना घेतला होता न, त्यातच तसं हाय. आकडा फिरवला तरी हे मांगचं दिसतेच समद्यायले."

दीपमालाने उरलेले सहा भरले. सदतिसावा लाल झाल्यावर रजिस्टर मिटलं. दारात हिंमतराव उभे होते, भिंतीला हात टेकवून.

"वीस वर्षं माहं मीठ खाल्लं, बाई," ते म्हणाले.

"मीठ खाल्लं मालक," ती म्हणाली. "अन् तुमच्या संगं शेनही खाल्लं. आता पोट भरलं."

तिने पिशवी उचलली. जाता जाता भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, त्याची गुंडाळी केली आणि काखेत मारली.

देऊळघाटला पोचेस्तोवर दुपार कलली होती. सोजराबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. दीपमाला उंबऱ्यापाशीच उभी राहिली. आत गेली तर पुन्हा जमणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"माय, तुह्या हाताले काही नाई झालं. बीच नापास होतं."

"आता समजावू नको मले."

"समजावून नाई राह्यली. शंभरात सहा दाने उगवले होते त्याचे. मी सोता मोजले. मले जेठातच माहीत होतं. माह्या सहीनं गेलं ते."

सोजराबाईने शेंग फोडता फोडता हात थांबवला. मग तिने आपले हात पाहिले, उलटे केले, सुलटे केले, मांडीवर ठेवले.

"जेठापासून माहीत होतं?"

"हो."

"अन् काल इथं बसून जेवून गेली तू?"

सोजराबाई उठली. पदर खोचला, चपला पायांत सरकवल्या आणि ओसरी उतरली.

"चाल."

"कुठं?"

"रुखमाबाईच्या घरी. मले सांगितलं ते तिच्या अंगनात उभी राहून सांग. मंग रेनुकाच्या. मंग बाकीच्या दोघींच्या. अन् मोठ्यानं सांगजो, शेजारपाजाऱ्यायले आयकू गेलं पाह्यजे."

दोघी चालत निघाल्या. माय पुढे, लेक मागे. रुखमाबाईचं घर चार घरं पलीकडे होतं. ती अंगणात बाजेवर गहू निवडत बसली होती. सोजराबाईला पाहून तिने तोंड जरा दुसरीकडे केलं, मग मागून दीपमाला दिसली तसं सुपडं बाजूला सारलं.

"ये वं दीपे," ती म्हणाली. "कंपनीतून आली का?"

"हो," दीपमाला म्हणाली. "कंपनीतूनच आली."